उलटा डोंगर: ग्रँड कॅन्यनच्या तळाशी जाऊन परत यायचं असेल तर

सह्याद्रीनं आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे. सकाळी ताज्या पायांनी चढायचं, गडावर पिठलं-भाकरी खायची आणि दमल्यावर उतारानं खाली यायचं. पाय बोलायला लागले तरी उतार आपल्याला कसाबसा गावापर्यंत आणून सोडतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत हा हिशेब उलटा होतो. सकाळच्या गारव्यात, अंगात उत्साह असताना उतार लागतो. पाय संपतात, पाणी संपत येतं, ऊन डोक्यावर येतं, आणि तेव्हा चढ सुरू होतो. शिवाय तो चढ हवा विरळ होत जाणाऱ्या दिशेनं असतो.

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणजे पाट्यांवर लिहिलेलं होतं, पण 'आपण काय कमी ट्रेक केलेत का' या गुर्मीत मी त्या वाचल्या नाहीत. ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहायला आल्यावर पहिल्याच मे महिन्यात मेहुण्याला घेऊन एका दिवसात तळाची कोलोरॅडो नदी गाठून परत यायला निघालो. पाणी भरपूर प्यायलो, खाल्लं जवळपास काहीच नाही. दुपारी अर्ध्या चढावर मला उलट्या सुरू झाल्या. एका रेंजरबाईंनी सावलीत बसवून खारी बिस्किटं चघळायला लावली आणि संध्याकाळपर्यंत जागचं हलू दिलं नाही. रात्री साडेअकराला वर पोचलो. त्यानंतर मी तीनदा तळाशी जाऊन आलो आहे, तिन्ही वेळा नीट. पहिल्या वेळेला जे चुकलं आणि नंतर जे जमलं, ते इथे क्रमानं लिहितो. अमेरिकेत नव्यानं आलेल्यांना आणि पुण्या-मुंबईहून सुट्टीत येणाऱ्या ट्रेकर मंडळींना त्याचा उपयोग होईल.

१. आधी नक्की कुठे जायचंय ते ठरवा

ही पायरी हास्यास्पद वाटेल, पण चुका इथूनच सुरू होतात. नकाशात नुसतं 'ग्रँड कॅन्यन' टाकलं तर तीन-चार ठिकाणं समोर येतात.

काचेचा स्कायवॉक ज्याला 'वेस्ट' म्हणतात तिथे आहे. ती हुआलापाई आदिवासींची जमीन आहे. राष्ट्रीय उद्यानाशी तिचा संबंध नाही, तिकीट वेगळं, आणि इथे सांगतोय त्या पायवाटा तिथे नाहीत. लास व्हेगसहून जवळ म्हणून लोक तिकडे वळतात आणि मग 'नदीपर्यंत उतरायची वाट कुठंय' म्हणून विचारत बसतात.

निळ्याशार पाण्याचे धबधबे ज्या फोटोत दिसतात ते हावासू फॉल्स. ते हावासुपाई लोकांच्या राखीव प्रदेशात आहेत. त्याचं आरक्षण ती जमात स्वतः देते आणि एका दिवसात जाऊन यायला तिथे परवानगी नाही. गोंधळ वाढवायला उद्यानातल्या एका कॅम्पचं नाव 'हावासुपाई गार्डन्स' आहे. त्याला पूर्वी 'इंडियन गार्डन' म्हणत. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या हावासुपाईंना उद्यानवाल्यांनी हुसकावलं, शेवटच्या रहिवाशाला १९२८ मध्ये. २०२२ मध्ये त्या जागेला त्यांचं नाव परत मिळालं. तिथे धबधबा नाही, पण कॉटनवूडच्या झाडांची गर्द सावली आहे, आणि चढताना ती सावली धबधब्याहून मोलाची वाटते.

आपल्याला जायचंय ते साउथ रिम, म्हणजे दक्षिण कडा. फिनिक्सहून गाडीनं साधारण साडेतीन तास, लास व्हेगसहून साडेचार. नॉर्थ रिम समोर दिसतो, पण तो हिवाळ्यात बंद असतो, आणि जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं ऐतिहासिक लॉजच जळून गेलं. पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका.

२. महिना निवडा, आणि उन्हाळा सोडून निवडा

तळ कड्यापेक्षा अकरा-बारा अंशांनी जास्त तापतो. जुलैत वर २९ अंश सेल्सियस असताना खाली सरासरी ४१ असतं, आणि सावलीतलं ४१ म्हणजे उन्हातल्या कातळावर काय, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. फरक एवढाच की विदर्भात मे महिन्यात दुपारी बाराला कुणी दीड किलोमीटर उंच भिंत चढायला काढत नाही. रात्रीही कातळ तापलेलाच राहतो.

एप्रिलमध्ये तळाशी दुपारी २८ च्या आसपास, ऑक्टोबरमध्ये २९. हे दोन महिने, मार्चची अखेर आणि नोव्हेंबरची सुरुवात, यातून निवडा. लक्षात ठेवा, त्याच एप्रिलच्या रात्री वरच्या कड्यावर तापमान शून्याला टेकतं. एकाच ट्रेकमध्ये माथेरान आणि चंद्रपूर दोन्ही सॅकमध्ये भरायचं आहे. हिवाळ्यात तळ सुखद असतो, पण वाटेचे वरचे दोन-तीन किलोमीटर बर्फाचे होतात. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे नसतील तर त्या वळणांवर जाऊ नका.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथलाही एक पावसाळा असतो. आपल्याकडच्यासारखी झड लागत नाही. दुपारी तासभर वीज-वादळ होतं आणि ओढ्यांना अचानक लोंढा येतो. वाळवंटातली जमीन पाणी पीत नाही, कातळावरून ते सरळ घळीत उतरतं. १९९७ च्या ऑगस्टमध्ये इथून उत्तरेला असलेल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असे वाहून गेले. पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर दूर. म्हणून डोक्यावर निळं आकाश आहे एवढ्यावर विसंबून अरुंद घळीत शिरू नये आणि कोरड्या ओढ्यात तंबू कधीच लावू नये.

३. वाट: एकीनं उतरा, दुसरीनं चढा

साउथ रिमवरून तळाला जाणाऱ्या दोन राखलेल्या वाटा आहेत. नव्या माणसानं तिसरीचा विचार करू नये.

साउथ कैबाब: सुमारे २,२०० मीटरवर सुरू होते, नदीकाठच्या कॅम्पपर्यंत ११ किलोमीटर, उतार सुमारे १,४५० मीटर. सोंडेवरून जाते, म्हणून दोन्ही बाजूंना दरी उघडी दिसते. पाणी एक थेंब नाही आणि सावली नावाला.

ब्राइट एंजल: सुमारे २,०९० मीटरवरून, कॅम्पपर्यंत १५ किलोमीटर. घळीतून जाते. वाटेत विश्रांतीची छपरं, नळ, संडास आणि मध्यावर ते हावासुपाई गार्डन्स.

कैबाबनं उतरायचं आणि ब्राइट एंजलनं चढायचं. उलटं केलंत तर बिनपाण्याचा, जास्त तीव्र चढ दुसऱ्या दिवशी वाट्याला येईल. ब्राइट एंजलचा चढसुद्धा साधारण १,३३५ मीटर आहे. बारीतून कळसूबाई चढता त्याहून कितीतरी जास्त, आणि पाठीवर मुक्कामाची सॅक.

एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत? त्यासाठी परमिट लागत नाही, म्हणूनच तो मोह होतो. उद्यानवाले मे ते सप्टेंबरमध्ये तर हे करूच नका असं बजावतात. तरी दरवर्षी अडीचशेहून जास्त लोकांना दरीतून सोडवून आणावं लागतं. त्यातले बरेच तरुण, धडधाकट असतात. मी त्या यादीत जाता जाता वाचलो.

मुक्काम न करता चव घ्यायची असेल तर कैबाबवर सीडर रिजपर्यंत जा, अडीच किलोमीटरवर आहे, आणि परत या. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांसाठी वरच्या सपाट फरसबंदी 'ट्रेल ऑफ टाइम'इतकी सुंदर गोष्ट नाही. तिथे एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. माझे वडील त्यावर दोन तास रमले.

४. परमिट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे. नीट वाचा.

रात्री खाली तंबूत राहायचं असेल तर 'बॅककंट्री परमिट' लागतं. ते रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मिळतं. आधी एक लॉटरी असते, ट्रेकच्या महिन्याच्या साधारण साडेचार महिने आधी. उदाहरणार्थ, मेमध्ये जायचं असेल तर १६ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात अर्ज. १० डॉलर फी, परत मिळत नाही.

आता खोच. लॉटरी लागली म्हणजे परमिट मिळालं, असं नाही. लॉटरीत तुम्हाला एक वेळ मिळते. त्या दिवशी, त्या तासाला तुम्ही लॉगिन करून उरलेल्या जागांतून स्वतः तारीख आणि कॅम्प निवडायचा असतो. माझ्या ओळखीच्या एकानं 'अभिनंदन' असा ईमेल पाहून पेढे वाटले, वेळ चुकवली आणि हात हलवत बसला. त्या वेळेआधी कागदावर तीन पर्याय लिहून ठेवा, आणि शनिवार-रविवारचा हट्ट सोडा. लॉटरी संपल्यावर उरलेल्या जागा पुढे महिन्याच्या २० तारखेला सगळ्यांना खुल्या होतात.

मागायचं काय? पहिल्यांदा जाणाऱ्यानं दोन रात्री: पहिली तळाशी ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडवर, दुसरी चढाच्या मध्यावर हावासुपाई गार्डन्सला. त्यामुळे चढाचे दोन तुकडे होतात. एकच रात्र मिळाली तरी चालेल, पण मग दुसऱ्या दिवसाचा हिशेब कडक ठेवावा लागतो.

सहा जणांपर्यंत लहान गट, सात ते अकरा मोठा. मोठ्या गटाच्या जागा फारच थोड्या असतात. मराठी मंडळात विषय काढलात की चौदा जण तयार होतात. तसं होऊ देऊ नका, सहावर थांबवा. आणि परमिट ज्याच्या नावावर, तो माणूस ट्रेकवर असलाच पाहिजे. आयत्या वेळी गळणाऱ्याच्या नावावर काढू नका.

तंबू नको असेल तर तळाशी फँटम रँच आहे: १९२२ मधलं, मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी आखलेलं, दगड-लाकडाच्या खोल्यांचं छोटं ठिकाण. त्याची लॉटरी वेगळी, तब्बल १५ महिने आधी. तिथलं जेवण तंबूवाल्यांनाही आधी आरक्षण करून मिळू शकतं. शाकाहारी असाल तर तसं आरक्षणातच सांगा, तिथे पोचून 'बिनमटणाचं काय आहे' विचारून उपयोग नाही. सगळा शिधा खेचरांवरून खाली येतो.

५. शरीराची तयारी

तीन महिने. धावण्यापेक्षा जिने आणि डोंगर, पाठीवर वजन घेऊन. फिनिक्सवाल्यांना कॅमलबॅक किंवा पिएस्टेवा पीक घरचे आहेत. पुण्याहून येणाऱ्यांनी आतकरवाडीतून सिंहगड चढावा, उतरावा आणि खाली चहा न घेता पुन्हा चढावा. ही दुसरी चढाई महत्त्वाची. उतरून थकलेल्या पायांनी चढणं कसं लागतं ते तिथेच कळतं.

बूट जुने, पायाला सरावलेले आणि अर्धा नंबर मोठे हवेत. ११ किलोमीटरच्या उतारात पायाची बोटं पुढे आपटत राहतात. जायच्या आधी नखं कापा. मी नाही कापली, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली.

६. पाणी आणि मीठ

बाकी काही विसरलात तरी ही पायरी विसरू नका.

कैबाबनं उतरताना प्रत्येकी किमान तीन लिटर, ऊन असेल तर चार. एवढं पाणी पाठीवर घेऊन उतरायचं म्हणजे तीन-चार किलो वजन, पण पर्याय नाही. ब्राइट एंजलवर अडीच आणि पाच किलोमीटरच्या विश्रांतिस्थळी नळ आहेत, पण ते थंडीत बंद ठेवतात. हावासुपाई गार्डन्सला आणि तळाच्या कॅम्पला एरवी वर्षभर पाणी असतं.

'एरवी' म्हटलं, कारण हे सगळं पाणी उत्तरेकडच्या एका झऱ्यावरून दरी ओलांडून येणाऱ्या, साठच्या दशकात टाकायला घेतलेल्या नळातून येतं. तो नळ आता म्हातारा झालाय. २०१० पासून त्याला ऐंशीहून जास्त मोठी भगदाडं पडली आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर तो इतक्या ठिकाणी फुटला की साउथ रिमवरची हॉटेलं मुक्कामाला बंद करावी लागली. आता तो बदलण्याचं काम चालू आहे आणि त्यामुळे वाटा, पूल, कॅम्प अधूनमधून बंद असतात. म्हणून दोन गोष्टी करा. निघायच्या आदल्या संध्याकाळी उद्यानाच्या संकेतस्थळावर कुठला नळ चालू आणि कुठली वाट बंद ते बघा. आणि गाळणी किंवा पाणी शुद्ध करायच्या गोळ्या जवळ ठेवाच.

नदीचं पाणी घ्यायची वेळ आली तर ते बऱ्याचदा इतकं गढूळ असतं की गाळणी दहा मिनिटांत तुंबते. इथे आजीची युक्ती कामाला येते: तुरटी. भांड्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचं निवळ गाळायचं. कोलोरॅडोत नाव वल्हवणारेही तुरटीच वापरतात हे कळल्यावर माझी छाती उगाच फुगली.

आता मीठ. वाळवंटात घाम दिसत नाही, अंगावरच वाळतो. आपल्याला वाटतं घाम येत नाहीये. प्रत्यक्षात मीठ भराभर जात असतं, आणि आपण वरून नुसतं पाणी ओतत राहिलो की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, चिडचिड, गोंधळ. ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी बिघडतो. माझं नेमकं हेच झालं होतं. लघवी स्वच्छ पांढरी होत असून मळमळत असेल तर पाणी थांबवा, खारट खा, सावलीत बसा. कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा धड चालता येईना तर लगेच मदत बोलवा.

तहान लागेल तसं प्यायचं, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी खारट खायचं. याबाबतीत आपलं स्वयंपाकघर कुठल्याही महागड्या एनर्जी बारला हार जात नाही. भडंग, खारे शेंगदाणे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, थालीपिठं (पहिल्या दिवशीच संपवा), लिंबाचं गोड लोणचं, शेंगदाण्याची चिक्की, गूळ. कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत न्या. एक लिटर पाण्यात दोन चमचे आगळ, चिमूटभर मीठ, साखर, जिरेपूड. कॅम्पवर मेतकूट-भात. जलसंजीवनीची पाकिटं प्रत्येकी चार. उपवास असेल तर ट्रेकची तारीख बदला किंवा उपवास सोडा, पण दोन्ही एकत्र करू नका.

७. सॅकमध्ये काय, खिशात काय

कागदपत्रं:
- परमिट. मोबाइलवर आणि छापील दोन्ही; एक प्रत तंबूला किंवा सॅकला बाहेरून दिसेल अशी अडकवायची असते
- परमिटधारकाचं फोटो असलेलं ओळखपत्र
- व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीची) प्रत
- गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स, भाड्याची असेल तर करारपत्र
- विम्याचं कार्ड. भारतातून प्रवासी विमा काढून येणाऱ्यांनी त्यात ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरनं हलवणं धरलं आहे का ते आधीच विचारून घ्या
- उद्यानाचा प्रवेश पास. परमिटमध्ये तो धरलेला नसतो. २०२६ पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांना वेगळी, बरीच जास्त प्रवेश फी आहे, पाहुणे बरोबर असतील तर बजेटमध्ये धरा

सामान: डोक्यावरचा दिवा, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट (इथे सुतीच बरा, भिजवून अंगात घातला की गार राहतो), गार रात्रीसाठी जाकीट, दोन काठ्या, प्रथमोपचार, शिट्टी, आरसा, हलका तंबू, गॅस शेगडी. शेकोटीला पूर्ण बंदी आहे. पाणी धरून सॅक अंगाच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जड नको. दोन्ही काठ्या घ्याच. 'काठी काय म्हातारपणी' म्हणणाऱ्या मेहुण्यानं दुसऱ्या खेपेला सगळ्यात आधी काठ्या विकत घेतल्या.

वजन झेपत नसेल तर पैसे भरून, आधी आरक्षण करून, पिशवी खेचरावरून तळाला पाठवता आणि वर आणवता येते. चाळिशीनंतर यात लाज वाटायचं कारण नाही.

८. आदला दिवस

शक्यतो कड्यावरच मुक्काम करा. फिनिक्स ३३० मीटरवर, कडा २,१०० वर. एक रात्र तिथे काढली की श्वासाला सवय होते.

दोन सापळे. एक, घड्याळ. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नवाहो आदिवासींचा प्रदेश करतो. पूर्वेकडून नवाहो भागातून गाडीनं आलात तर फोन मध्येच तासभर उडी मारतो, आणि पहाटेची बस चुकते. दोन, पार्किंग. साउथ कैबाबच्या तोंडापर्यंत खासगी गाडी नेता येत नाही. गाडी बॅककंट्री माहिती केंद्राजवळ लावायची आणि पहाटेची 'हायकर्स एक्स्प्रेस' शटल पकडायची. तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात. गाडी इथे लावण्याचा फायदा असा की ब्राइट एंजलची वाट वर येते ती जवळच.

पाट्या मैलात आणि फॅरनहाइटमध्ये असतात. ११० फॅरनहाइट म्हणजे ४३ सेल्सियस, एवढं डोक्यात ठेवा.

घरी कुणाला तरी लेखी सांगून ठेवा: कुठली वाट, कुठला कॅम्प, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची. कड्याखाली फोन लागत नाही असंच समजा. वाटेत काही ठिकाणी आपत्कालीन फोन आहेत.

९. उतार

पहिल्या शटलनं जा. चार ते पाच तास लागतात, आणि दहाच्या आत नदीवर पोचलेलं बरं.

उतार सोपा वाटतो म्हणून पळू नका. लाकडी ओंडक्यांच्या पायऱ्या गुडघ्यांना हळूहळू खातात आणि त्याचं बिल दुसऱ्या दिवशी येतं. खेचरांचा तांडा आला तर थांबा, डोंगराच्या बाजूला, दरीच्या बाजूला नव्हे, हाकणारा सांगेल तसं उभे राहा आणि शेवटचं खेचर बरंच पुढे जाईपर्यंत हलू नका.

मध्ये मध्ये थांबून समोर बघा. जी सुळक्यासारखी शिखरं दिसतात त्यांची नावं ब्रह्मा टेंपल, झोरोॲस्टर टेंपल. पूर्वेला विष्णू टेंपल. १८८० च्या सुमारास क्लॅरन्स डटन या भूवैज्ञानिकाला या शिखरांत पूर्वेकडची देवळं दिसली आणि त्यानं ही प्रथा पाडली. त्यामुळे तळाच्या काळ्या, चकाकत्या खडकालाही जगभरचे भूवैज्ञानिक 'विष्णू शिस्ट' म्हणतात. वय सुमारे १७० कोटी वर्षं. वरच्या कड्याचा चुनखडक २७ कोटींचा. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर जेमतेम साडेसहा कोटींचा, म्हणजे या घराण्यात पाळण्यातलं पोर. नदीवरच्या ब्लॅक ब्रिजच्या आधीच्या बोगद्यात शिरताना त्या विष्णूला हात लावून पुढे जातो मी, दर वेळी.

१०. तळाशी

कॅम्पवर लोखंडी पेट्या असतात. खाण्याचा प्रत्येक कण, टूथपेस्टसुद्धा, त्यात. इथल्या खारी सॅक कुरतडतात आणि बोट पुढे केलं तर चावतात, कावळे चेन उघडतात. सकाळी बुटात पाय घालण्याआधी बूट झटका, विंचू असतात.

नदीत पोहू नका. वरच्या धरणाच्या खोलातून येणारं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं आणि ओढ जबर. पाय बुडवायचे असतील तर कॅम्पशेजारचा ब्राइट एंजल ओढा आहे, तोच खरा स्वर्ग. दुपारभर त्यात बसून राहा.

११. चढ

पहाटे चारला, दिव्याच्या उजेडात निघा. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ धरा, सात ते दहा तास. नदी सोडल्यावर 'डेव्हिल्स कॉर्कस्क्रू' नावाची वळणं लागतात. ती ऊन चढायच्या आत पार झालीच पाहिजेत. दहाच्या आत हावासुपाई गार्डन्स. तिथे शर्ट भिजवा, खा, आणि ऊन असेल तर चारपर्यंत तिथेच लोळा. दहा ते चार चालायचं नाही, हा नियम तिथल्या दगडांनाही माहीत आहे.

वेग किती? शेजाऱ्याशी सरळ वाक्य बोलता येईल इतका. धाप लागून शब्द तुटायला लागले की हळू व्हा. अर्ध्या तासाला पाच-सात मिनिटं बसा, पाय उंच करून. गटातल्या सगळ्यात हळू माणसाला पुढे ठेवा, त्याला मागे एकटं सोडून कुणी 'वर भेटू' म्हणायचं नाही. शेवटचे पाच किलोमीटर सगळ्यात तीव्र वाटतात, कडा समोर दिसतो आणि जवळ येत नाही. तिथे घड्याळ बघू नका, पुढचं वळण बघा.

१२. वर आल्यावर

लगेच गाडी काढून फिनिक्सला निघू नका. दहा तास चढलेल्या माणसाला ॲक्सिलरेटरवरचा पाय जड होतो, आणि संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर म्हशीएवढी एल्क हरणं आडवी येतात. एक रात्र कड्यावर किंवा जवळच्या टुसायनमध्ये झोपा. खोली घेताना तळमजल्यावरची मागा. आम्ही पहिल्या मजल्यावरची घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना बसून उतरलो.